जॅक आणि दुसरी चावी

"आता तीन चहा सांगा," निवृत्ती बोरस्ते पारखशेठना म्हणाला, "आणि चहावाल्याला म्हणावं, सावकाश ये."

पारखशेठची स्वतःची व्हॅन दुकानासमोर पुढची दोन्ही चाकं हवेत धरून उभी होती. खाली जॅक. निवृत्तीने बंपरच्या बरोब्बर उंचीवर दुकानाच्या खांबावर खडूने रेघ मारली आणि पायरीवर फतकल मारून बसला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"परीक्षा. किती टन उचलतो हे खोक्यावर छापलेलं असतं, विशू. उचललेलं किती वेळ धरून ठेवतो, ते कुणी छापत नाही. चहा संपेस्तोवर बंपर रेघेखाली आला, तर हा जॅक आपला नाही."

"आणि माझी व्हॅन?" पारखशेठ म्हणाले.

"ती तुमचीच राहील."

दोघं हसले. मी हसलो नाही. तीस वर्षं मी जकात नाक्यावर काढली होती. बटाट्याच्या पोत्याखाली कधीच बटाटे नसतात आणि गिऱ्हाइकासमोर दोन माणसं एकदम हसली की त्यांचं आधी बोलणं झालेलं असतं, एवढं शिक्षण मला तिथे मिळालं होतं.

मला खरं तर लाल जॅक आवडला होता. दोन टनी, हलका, एका हाताने उचलून घरी नेता येईल असा. निवृत्तीने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "याच्यावरचं स्टिकर याच्या पत्र्यापेक्षा जाड आहे." मग एक उभा बॉटल जॅक पाहिला. "ट्रकवाल्यांना ठीक. आपली फियाट बुटकी, हा खाली जायचाच नाही. गेला तर कलंडेल." शेवटी कोपऱ्यातून हा काळा राक्षस ओढून काढला. तीन टनी, नाक चपटं, लोखंडी रुंद चाकं, वजन माझ्या बायकोच्या निम्म्याहून थोडं जास्त, किंमत लालच्या दुप्पट. त्यावर पुन्हा दोन लोखंडी घोडे घ्यायला लावले. "जॅक फक्त उचलायला. गाडी उभी राहणार घोड्यांवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपणारे लोक फोटोत जातात."

एवढं महाग सामान, तेही ठरावीक दुकानातून. मी डोळे उघडे ठेवले होते.

चहा आला. निवृत्तीने बशीत ओतून, फुंकर मारमारून तो पंधरा मिनिटं प्यायला. बंपर रेघेवरून केसभरही हलला नाही. मी पैसे काढत असताना निवृत्ती पारखशेठच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. शेठनी काउंटरखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून त्याच्या पिशवीत सरकवलं. माझ्याकडे बघत बघत.

'मिळालं कमिशन,' मी मनात म्हणालो.

आता हा निवृत्ती कोण, ते सांगतो. आमच्या इंदिरानगरच्या रो-हाउसमध्ये शेजारचं घर त्याचं. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. बावीस वर्षं आम्ही सकाळचा चहा एकत्र घेत होतो. माझ्या पोर्चला पत्रे ठोकून केलेल्या गॅरेजच्या दोन चाव्या होत्या, एक माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे. माझ्यासारख्या माणसाने दुसऱ्याला चावी दिली, यावर आमच्या मंदाचा बरीच वर्षं विश्वास बसला नव्हता. तिला स्वतःला कपाटाची चावी लग्नानंतर सातव्या वर्षी मिळाली. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी चावी दिलेला परका माणूस हा एकटाच. आणि बारा वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात मी तो जवळजवळ घालवला.

जॅक घरी आणला. एवढी महाग वस्तू गॅरेजात उघड्यावर ठेवणं मला पटेना. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती, तिच्यात तो मी उभा करून सरकवला, वर पोतं टाकलं. माझे वडील, दादा, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. काठी टेकत दारात येऊन बघत होते.

"विशू, असा डोक्यावर कशाला उभा केलास?"

"दिसू नये म्हणून."

"कुणाला?"

"कुणालाच. आणि दादा, तुम्ही कशाला हात लावू नका हं. मागे मिक्सर दुरुस्त केलात, तो अजून माळ्यावर आहे."

दादा पोस्टमन होते. निफाडपासून सिन्नरपर्यंत सायकलवर हिंडलेला माणूस. आता दिवसभर खुर्चीत बसून हात चोळायचे.

दोनेक आठवड्यांनी थंडी पडली. नाशिकची थंडी, पहाटे पारा सातावर. निवृत्ती आणि मी ब्रेकचं काम काढायचं ठरवलं. काम म्हणजे, तो गाडीखाली झोपणार आणि मी पाने देणार. सकाळी साडेसातला मी जॅक काढून गाडीखाली सरकवला, दांडा हलवला. दांडा हलेचना. दोन्ही हातांनी लटकलो, तर आतून म्हाताऱ्या म्हशीने उसासा टाकावा तसा आवाज आला आणि जॅक बोटभर वर येऊन थांबला.

"बघ," मी निवृत्तीला म्हणालो. "बघ तुझा काळा राक्षस."

त्याने दांडा हलवून पाहिला. खाली वाकला. कपाटामागच्या फटीत डोकावला, तिथल्या फरशीवरच्या तेलकट डागावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग का कोण जाणे, आमच्या दाराकडे, खुर्चीत बसलेल्या दादांकडे बघितलं. दादा पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

"दुपारी करू," निवृत्ती म्हणाला. "घाई काय आहे?"

"दुपारी काय होणार आहे?"

"ऊन पडेल."

ऊन पडेल! जॅकला ऊन लागतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पारखशेठना फोन लावला. त्यांचा माणूस दुपारी एकला आला. पत्र्याखाली गॅरेज तापलेलं. त्याने दोन बोटांनी दांडा हलवला आणि फियाट लोण्यासारखी वर गेली.

"साहेब, चालतोय की."

"सकाळी चालत नव्हता."

"सकाळी मी नव्हतो," असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी म्हैस, दुपारी लोणी. तिसऱ्या दिवशी तो माणूस मला म्हणाला, "साहेब, सकाळी नाश्ता करून बघा. जोर लागत नसेल." मी त्याला हाकललं आणि गॅरेजात खुर्ची टाकून पहाऱ्यालाच बसलो. सकाळी नऊपासून संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत. कुणी आत येऊन काही करतंय, आणि दुपारी येऊन पुन्हा सरळ करतंय, याशिवाय दुसरा अर्थच निघत नव्हता.

"कोण करणार आहे?" मंदाने विचारलं.

"चावी दोघांकडे आहे. मी करत नाही."

"अहो, त्या गाडीखाली झोपतं कोण? निवृत्तीभाऊजीच ना? स्वतःच्या छातीवर गाडी पाडून घेण्यासाठी ते पहाटे उठून जॅक बिघडवतात?"

"तोच तर त्याचा बचाव असणार," मी म्हणालो. "जॅक मोडला की दुरुस्ती पारखशेठकडे, दुरुस्ती झाली की कमिशन पुन्हा."

मंदाने कपाळाला हात लावला. "त्यापेक्षा घरातल्या चोरीकडे बघा जरा. खोबरेल तेलाची मोठी बाटली उन्हात वितळायला खिडकीत ठेवते, ती आठवड्यात संपली. महिनाभर पुरते एरवी."

"कामवाल्या विमलबाईंवर लक्ष ठेव."

"विमलबाईंनी मागच्या महिन्यात तिरुपतीला केस दिले. त्या तेल लावणार कुठे?"

मी तिला म्हटलं, मोठं प्रकरण चालू असताना किरकोळ तक्रारी आणू नकोस.

चौथ्या दिवशी मी सापळा लावला. देवघराशेजारच्या डब्यातली पांढरी रांगोळी घेतली आणि जेवणं झाल्यावर गॅरेजच्या फरशीवर चाळणीने भुरभुरली. दारापासून जॅकपर्यंत. सकाळी सहाला माझा प्राणायाम असतो, तो संपवून साडेसहाला कुलूप उघडलं. कुलूप शाबूत होतं. आणि रांगोळीत पावलं होती.

दारातून आत, जॅकपाशी, आणि परत. रबरी चपलेचे ठसे, षटकोनी नक्षीचे. जॅकच्या शेजारी फरशीवर एक गोल उमटलेला, बाटली ठेवल्यासारखा.

म्हणजे हा बाटली घेऊन येतो आणि जॅकमधलं तेल काढून नेतो! सगळं लख्ख झालं. चपलेची नक्षी मी माझ्या चपलेशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. नोकरीतली सवय, दोन मिनिटं मी स्वतःवरही संशय घेतला. मग आठवलं, गेल्या वर्षी सेलमधून निवृत्तीनेच तीन जोड आणले होते, एक त्याला, एक मला, एक दादांना. पण दादांना काठीशिवाय चालता येत नव्हतं आणि काठीचा ठसा कुठेच नव्हता.

मंदा मागून आली. "अगंबाई! लक्ष्मीची पावलं काढलीत की काय? नऊ नंबरची?"

"पारखशेठना फोन लाव," मी म्हणालो. "उद्या सकाळी सातला. माणूस नको, ते स्वतः हवेत. दुपार चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पारखशेठ माकडटोपी, मफलर, वर शाल अशा वेषात स्कूटरवरून आले. नुसते डोळे दिसत होते आणि ते रागावलेले होते. निवृत्ती रोजच्यासारखा चहाला आला होता, हातात कप घेऊनच गॅरेजात आला. दादा दाराशी खुर्चीत. मंदा त्यांच्यामागे.

"हलवा दांडा," मी शेठना म्हणालो.

शेठनी हलवला. म्हैस उसासली. शेठनी शाल काढली, पुन्हा हलवला. मग मफलर काढला. जॅक बोटभर वर.

"हा तर खरंच अडकतोय," ते म्हणाले.

"अडकत नाही, अडकवला जातोय." मी निवृत्तीकडे वळलो. "काल पहाटे तू इथे आला होतास?"

निवृत्तीने कप फियाटच्या टपावर ठेवला. "आलो होतो."

"बाटली घेऊन?"

"हो."

"ऐकलंत?" मी सगळ्यांना म्हणालो. "मला न सांगता, माझ्या गॅरेजात, बाटली घेऊन! दुकानात तुझ्या पिशवीत पुडकं गेलं तेव्हाच मी ओळखलं होतं. किती मिळाले रे? बावीस वर्षांची मैत्री कितीला विकलीस?"

"विशू," दादा खुर्चीतून उठायला लागले, "अरे, मी काय म्हणतो—"

"दादा, तुम्ही बसा," निवृत्ती म्हणाला. हळूच, हाताने खुणावून. "गारठा आहे. तुम्ही बसा."

दादा बसले. मी म्हटलं, बघा, आता म्हाताऱ्याला गप्प करतोय.

"उत्तर दे ना," मी म्हणालो. "तेल काढायला आला होतास की नाही?"

"आलो होतो," तो म्हणाला. "निघालं नाही."

"नाही कसं निघालं?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, माझ्या गॅरेजची चावी नखाने ओढून वेगळी केली. बोटं गारठलेली, वेळ लागला. चावी त्याने फियाटच्या बॉनेटवर ठेवली आणि गेला. चहा तसाच टपावर. वाफ येत होती.

मी जिंकलो होतो. जकात नाक्यावर ट्रक सापडला की जसं वाटायचं तसं वाटेल, असं वाटलं होतं. वाटलं नाही.

"शेठ, तुम्हीही बोला आता," मी म्हणालो. "काय होतं त्या पुडक्यात?"

"जॅकचं तेल," पारखशेठ म्हणाले. "अर्धा लिटर. स्वतःचे पैसे दिले त्यांनी. म्हणाले, माझा मित्र हा जॅक कुठेतरी उभा करून लपवणार, आणि जॅक उभा ठेवला की टोपणातून तेल गळतं. मी सांगायला गेलो तर म्हणेल, का सांगतोयस? तेव्हा तेलच घेऊन ठेवतो."

मी फटीकडे बघितलं. फरशीवरच्या त्या तेलकट डागाकडे.

शेठनी पाना मागितला. जॅकचं झाकण उघडलं, रबरी टोपण काढलं, आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पांढरं. पेढ्याच्या खव्यासारखं काहीतरी त्यावर चिकटलेलं. शेठनी वास घेतला, मंदाने वास घेतला.

"हे तर माझं खोबरेल!" मंदा म्हणाली.

"साहेब," पारखशेठ म्हणाले, "चाळीस वर्षं धंदा करतोय. जॅकची चंपी करणारा माणूस पहिल्यांदा बघतोय."

"मी नाही केली!"

"मी केली," दादा म्हणाले.

खुर्चीत ताठ बसले होते, सही न झालेलं रजिस्टर्ड पत्र परत द्यावं तसे.

"खाली तेल सांडलेलं दिसलं. म्हटलं, विशूचा एवढा महागाचा जॅक कोरडा पडेल. थोडं थोडं घालत गेलो. एकतीस वर्षं माझी सायकल खोबरेलवर चालली, कधी कुरकुरली नाही. थंडीत गोठतं हे लक्षातच आलं नाही. पिशवीतल्या पत्रांपुढे सायकलकडे बघायला वेळ कुठे असायचा?"

"आत कसे गेलात? कुलूप असतं."

"तू काम करताना दार उघडं ठेवून जेवायला जातोस, तेव्हा."

"मग मला सांगायचं!"

"तू म्हणाला होतास, कशाला हात लावू नका." दादा काठीच्या मुठीवरून बोट फिरवत होते. "निवृत्तीला सांगितलं. म्हटलं, गुपचूप बदलून दे, विशूला कळू देऊ नको. तो म्हणाला, दुपारी पातळ असतं तेव्हा काढतो. पण दुपारी तू खुर्ची टाकून पहाऱ्याला. म्हणून बिचारा पहाटे आला. तेव्हा गोठलेलं. निघालंच नाही."

पारखशेठ मफलर गुंडाळत म्हणाले, "हा जॅक उन्हात ठेवा, तेल काढून टाका, नवीन भरा, आडवा ठेवा. वीस वर्षं काही होणार नाही. जॅक चांगला निवडलाय त्यांनी." मग माझ्याकडे बघून, "गिऱ्हाईक निवडताना मात्र मी चुकलो." स्कूटर चालू व्हायला त्यांनाही बारा किका माराव्या लागल्या. थंडीच तशी होती.

मी चावी घेऊन निवृत्तीकडे गेलो. तो अंगणात उन्हाला बसला होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे वाक्य मी त्याआधी कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे जरा जोरातच आलं. "सगळं कळलं. दादांनी सांगितलं."

"दादांना रागावलास?"

"नाही."

"बरं केलंस."

"ही घे." मी चावी पुढे केली.

त्याने चावीकडे बघितलं. "राहू दे तुझ्याकडे. हरवली-बिरवली तर पुन्हा माझ्यावर यायचं."

"निवृत्ती, तू तिथेच का नाही बोललास? एका वाक्यात सुटला असतास."

"आणि दादा?" तो म्हणाला. "दुकानदारासमोर, सुनेसमोर? मला काय, मी बाहेरचा. चावी ठेवून घरी येता येतं. त्यांना कुठे जाता येणार होतं?"

त्यानंतर तो चहाला येत राहिला. पण बेल वाजवून. बावीस वर्षं ज्याने कधी दार वाजवलं नव्हतं, तो पायपुसण्यावर उभा राहून बेल वाजवायचा आणि मी दार उघडेपर्यंत थांबायचा. मंदा म्हणायची, "पाहुणे आलेत." दादा चहाच्या वेळी आत जाऊन पडायला लागले. मी जॅक आडवा ठेवला होता, उघड्यावर, पोतं न टाकता. पण त्यात तेल भरायचं धाडस होईना. निवृत्तीला सांगायची लाज वाटायची. फियाट तशीच उभी, चावी खुंटीवर.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी बँकेतून घरी आलो, तर गॅरेजच्या दाराचं कुलूप निघालेलं. आत पाऊल टाकलं. फियाट दोन घोड्यांवर ताठ उभी होती. शेजारी जॅक, पुसून स्वच्छ, जवळ नव्या तेलाची रिकामी बाटली. गाडीखालून षटकोनी नक्षीच्या दोन चपला बाहेर आलेल्या, आणि दादा स्टुलावर बसून, मांडीवर कापड पसरून, एकेक पाना पुसून खाली देत होते.

"बारा-तेराचा, दादा," गाडीखालून आवाज आला.

"घे. आणि हा तेल लावून ठेवलाय रे."

"कुठलं?"

"मशीनचं! मशीनचं!"

मी दारातून घरातल्या खुंटीकडे बघितलं. आत जाऊन पुन्हा बघून आलो. चावी जागेवर होती. माझी खिशात होती.

"निवृत्ती," मी खाली वाकून विचारलं, "तू आत कसा आलास?"

"चावीने."

"चावी तर माझ्याकडे आहे."

"ती ओरिजिनल. माझी डुप्लिकेट." त्याचं काळं झालेलं तोंड चाकाआडून बाहेर आलं. "तू दिलीस ना बावीस वर्षांपूर्वी, त्याच आठवड्यात टूलरूममध्ये काढून घेतली होती. तुझा स्वभाव बघता एक ना एक दिवस परत मागशील, हे माहीत होतं."

"म्हणजे एवढी वर्षं माझ्या गॅरेजच्या तीन चाव्या होत्या?"

"चार," दादा पाना पुसत म्हणाले. "एक त्याने मला दिलीय, आजच."

तीस वर्षांचा अनुभव मला सांगत होता की आता ताबडतोब कुलूप बदलायला हवं.

"चहा सांगू का?" मी विचारलं.

"सांग," गाडीखालून आवाज आला. "आणि सावकाश आण म्हणावं. बघू घोडे किती वेळ धरतात."

दादा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यांची चावी त्यांच्या पेन्शनच्या पासबुकात सापडली. जॅक अजून आहे. कुलूपही तेच आहे.